कार्ड नाकारले जाते तेव्हा : बुडणाऱ्या वर्गणीची वसुली

नियतकालिके, ग्रंथालये, संगीतवर्ग, अभ्यासवर्ग अशा अनेक संस्था वर्गणीवर उभ्या असतात. त्यांच्या आर्थिक व्यवहाराचे स्वरूप गेल्या दोन दशकांत पार पालटले आहे. पूर्वी वर्गणीदार मनीऑर्डर करीत असे किंवा संस्थेचा प्रतिनिधी घरी येऊन पावती फाडीत असे. आज पुष्कळ ठिकाणी वर्गणीदार एकदाच आपल्या डेबिट वा क्रेडिट कार्डावरून नियमित वजावटीस संमती देतो आणि पुढे ठरलेल्या दिवशी रक्कम आपोआप संस्थेच्या खात्यात जमा होते. ही सोय मोठी आहे, परंतु तिच्यात एक उणीव दडलेली आहे. ज्या दिवशी बँक ही वजावट नाकारते, त्या दिवशी कोणीही दार ठोठावत नाही. वर्गणी थांबते आणि बहुधा ती थांबल्याचे वर्गणीदारालाही ठाऊक नसते.

वर्गणीदार दोन प्रकारे कमी होतात. काही जण विचारपूर्वक सोडून जातात. त्यांच्या निर्णयाचा आदर करणे एवढेच आपल्या हाती असते. दुसरे मात्र न जाताच गेलेले असतात. त्यांना अंक हवा असतो, त्यांची देण्याची तयारी असते. केवळ कार्डाची मुदत संपलेली असते किंवा त्या दिवशी खात्यात पैसे कमी असतात. या दुसऱ्या प्रकारच्या वर्गणीदारांना परत कसे जोडून घ्यावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

नुकसानीचा अंदाज यावा म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडू. एखाद्या संस्थेचे १०० मासिक वर्गणीदार आहेत आणि दरमहा त्यांतील केवळ २ टक्के अशा रीतीने कायमचे गळतात, असे समजू या. बारा महिन्यांनी त्यांतील सुमारे ७८ उरतील. एकानेही तक्रार केलेली नाही, एकानेही राजीनामा दिलेला नाही, तरी पाचांतील एकाहून अधिक वर्गणीदार निघून गेले! लहान संस्थेच्या दृष्टीने ही रक्कम म्हणजे एखाद्या कर्मचाऱ्याचा पगार किंवा एखाद्या अंकाचा छपाईखर्च असू शकतो.

नकार कोण देतो?

कार्डावरील व्यवहार अनेक हातांतून जातो. संस्थेची मागणी प्रथम पेमेंट गेटवेकडे जाते, तेथून संस्थेच्या बँकेकडे, पुढे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्या जाळ्यातून वर्गणीदाराला कार्ड देणाऱ्या बँकेकडे. रक्कम द्यावी की नाही, हा अंतिम निर्णय सर्वसाधारणपणे ही शेवटची बँक घेते. त्यामुळे ‘तुमच्या संस्थेने माझे कार्ड नाकारले’ ही वर्गणीदाराची समजूत आणि ‘वर्गणीदाराने पैसे दिले नाहीत’ ही संस्थेची समजूत, दोन्ही पुष्कळदा चुकीच्या असतात.

नकार देताना बँक सहसा दोन अंकी संकेतांक पाठवते. हे संकेतांक कार्डव्यवहारांसाठी ठरवलेल्या आयएसओ ८५८३ या आंतरराष्ट्रीय मानकातून आले आहेत. व्यवस्थापकाने पुढील संकेतांक तरी ओळखले पाहिजेत :

५१ : खात्यात पुरेशी रक्कम नाही किंवा कार्डाची मर्यादा संपली आहे.
५४ : कार्डाची मुदत संपली आहे.
१४ : कार्डाचा क्रमांक अग्राह्य आहे.
४१ आणि ४३ : कार्ड अनुक्रमे हरवल्याची व चोरीस गेल्याची नोंद आहे.
६१ आणि ६५ : रकमेची किंवा व्यवहारांच्या संख्येची मर्यादा ओलांडली आहे.
९१ आणि ९६ : बँकेशी संपर्क होत नाही किंवा यंत्रणेत बिघाड आहे.
०५ : व्यवहार स्वीकारू नये, एवढाच मोघम नकार.

यांतील शेवटचा संकेतांक सर्वांत त्रासदायक असतो. बँक कारण सांगत नाही. ते वर्गणीदारानेच आपल्या बँकेला विचारावे लागते. म्हणूनच ०५ आल्यास यंत्रावर विसंबून न राहता वर्गणीदाराशी लवकर संपर्क साधणे हिताचे ठरते.

तात्पुरता नकार आणि पक्का नकार

वरील संकेतांकांचे दोन गट पाडता येतात. ५१, ६१, ६५, ९१, ९६ हे तात्पुरते नकार आहेत. आज नाही म्हणणारी बँक चार दिवसांनी हो म्हणू शकते. १४, ४१, ४३ हे पक्के नकार आहेत. तेथे पुन्हा पुन्हा मागणी करणे निरर्थक तर आहेच, शिवाय संस्थेच्या नावाला बाध आणणारेही आहे. मुदत संपलेल्या कार्डाची गोष्ट मधली आहे : वर्गणीदार तोच आहे, इच्छाही तीच आहे, फक्त माहिती बदलली पाहिजे.

कार्डसंस्थांनीही या संदर्भात नियम केले आहेत. व्हिसाच्या नियमांनुसार पक्क्या नकाराच्या व्यवहाराची मागणी पुन्हा पाठवायची नसते, आणि इतर नकारांच्या बाबतीत ३० दिवसांत १५ पुनर्प्रयत्नांची कमाल मर्यादा आहे. मास्टरकार्ड नकारासोबत सल्लासंकेत पाठवते. त्यांतील ०१ म्हणजे कार्डाची नवी माहिती घ्या, ०२ म्हणजे नंतर प्रयत्न करा आणि ०३ म्हणजे पुन्हा प्रयत्न करू नका. हे न पाळणाऱ्यांवर जादा शुल्क बसू शकते. अर्थात १५ ही कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. लहान संस्थेने तीन किंवा चार प्रयत्नांवर थांबणे शहाणपणाचे.

हे प्रयत्न कधी करावेत? खात्यात पैसे नसल्यास दुसऱ्याच दिवशी पुन्हा हात पसरण्यात अर्थ नाही. आपल्याकडे बहुसंख्य नोकरदारांचा पगार महिनाअखेरीस किंवा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जमा होतो. म्हणून २५ तारखेला नाकारलेली मागणी पुढील महिन्याच्या आरंभी पाठवणे अधिक फलदायी. याउलट बँकेच्या यंत्रणेतील बिघाडामुळे आलेला नकार काही तासांतही दूर होऊ शकतो.

भारतातील नियम

परदेशी पुस्तकांतील उपाय आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण नियमित वजावटीविषयी भारतीय रिझर्व्ह बँकेने स्वतंत्र नियम घालून दिले आहेत. २१ ऑगस्ट २०१९ रोजी बँकेने यासंबंधी परिपत्रक काढले आणि पुढे मुदतवाढ देत १ ऑक्टोबर २०२१ पासून त्याची पूर्ण अंमलबजावणी झाली. जी संमतिपत्रे नव्या पद्धतीने नोंदवलेली नव्हती, ती त्या दिवसापासून चालेनाशी झाली आणि देशभर असंख्य वर्गण्या एकाएकी थांबल्या. ॲपलसारख्या बलाढ्य कंपनीनेही २०२२ मध्ये आपल्या ॲप स्टोअरवर भारतीय कार्डे स्वीकारणे थांबवले. मोठ्यांची ही गत झाली, तेथे लहान संस्थांची तारांबळ उडाली यात नवल नाही.

या नियमांतील पुढील बाबी व्यवस्थापकाने ध्यानात ठेवाव्यात :

१. संमती नोंदवताना, बदलताना आणि रद्द करताना कार्डधारकाची अतिरिक्त पडताळणी आवश्यक असते. आपल्या परिचयाचा ओटीपी हे तिचेच एक रूप.

२. प्रत्येक वजावटीच्या किमान २४ तास आधी कार्ड देणारी बँक कार्डधारकाला पूर्वसूचना देते. तीत संस्थेचे नाव, रक्कम आणि वजावटीची तारीख असते. सूचना मिळाल्यावर तो त्या वेळची वजावट किंवा संपूर्ण संमती रद्द करू शकतो.

३. पडताळणीविना होणाऱ्या वजावटीची मर्यादा आरंभी रु. २,००० होती. ती रु. ५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये रु. १५,००० करण्यात आली. डिसेंबर २०२३ मध्ये विमा हप्ते, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाची देयके यांच्यासाठी ती रु. १ लाख करण्यात आली. मर्यादेपलीकडील प्रत्येक व्यवहारास पडताळणी लागते.

४. संमती ठरावीक रकमेची असते किंवा बदलत्या रकमेची. बदलत्या रकमेच्या संमतीत कार्डधारक कमाल आकडा ठरवून देतो. त्यामुळे संस्थेने वर्गणी वाढवली आणि नवी रक्कम त्या आकड्याबाहेर गेली, तर नकार ठरलेलाच! वर्गणीवाढीपूर्वी नव्या संमतीची मोहीम हाती घ्यावी, वाढीनंतर नव्हे.

दुसरा मोठा बदल १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. त्या दिवसापासून दुकानदार, संस्था वा गेटवे यांना ग्राहकाच्या कार्डाचा संपूर्ण क्रमांक आपल्याजवळ साठवता येत नाही. त्याऐवजी टोकन, म्हणजे त्या कार्डाचे व त्या संस्थेचे मिळून बनलेले सांकेतिक रूप वापरावे लागते. हिशेब जुळवण्यासाठी शेवटचे चार आकडे आणि बँकेचे नाव एवढेच जवळ ठेवता येते. परदेशांत मुदत संपलेल्या कार्डाचा नवा क्रमांक परस्पर कळवणाऱ्या सेवा रूढ आहेत. आपल्याकडे कार्ड बदलल्यावर जुन्या संस्थांशी ते पुन्हा जोडण्यास बँकेने कार्डधारकाची स्पष्ट संमती घ्यावी लागते. ती राहून गेली की वर्गणी थांबते.

येथे आणखी एका कारणाकडे लक्ष वेधावेसे वाटते. २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार नवे किंवा बदलून मिळालेले कार्ड देशातील एटीएम व दुकानांतील यंत्रांपुरतेच सुरू असते. ऑनलाइन व्यवहारांची सोय कार्डधारकाने स्वतः चालू करावयाची असते. ज्येष्ठ वर्गणीदारांना हे बहुधा माहीत नसते. ‘कार्ड नवे आहे, खात्यात पैसे आहेत, तरी चालत नाही’ अशी तक्रार आल्यास प्रथम हीच शंका घ्यावी.

तगादा नव्हे, आठवण

वसुलीचा खरा भार यंत्रापेक्षा शब्दांवर असतो. नकारानंतर वर्गणीदाराला जो पहिला निरोप जातो, त्यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून राहते. सावकारी तगाद्याच्या भाषेने देणारा दुखावतो. अतिसंकोचाने लिहिलेला निरोप कोणी वाचत नाही. निरोपात चार गोष्टी असाव्यात : काय घडले, त्याचे संभाव्य कारण, काय करावयाचे आणि कोणाला विचारायचे. उदाहरणार्थ :

‘सप्रेम नमस्कार. आपली जून महिन्याची रु. ५० वर्गणी आपल्या बँकेकडून जमा होऊ शकली नाही. कार्डाची मुदत संपली असल्यास असे घडते. आपला अंक नेहमीप्रमाणे पाठवीत आहोत. सवडीने आमच्या संकेतस्थळावरील आपल्या खात्यात जाऊन नवे कार्ड नोंदवावे किंवा कार्यालयात दूरध्वनी करावा. वर्गणी थांबवावयाची असल्यास तसेही निःसंकोच कळवावे.’

या निरोपात दोष कोणाच्याही माथी मारलेला नाही आणि जाणाऱ्यासाठी दारही उघडे ठेवले आहे. वाचकाला सोडून जाण्याची मोकळीक दिसली की राहण्याचा निर्णय तो अधिक विश्वासाने घेतो.

निरोपांचा क्रम साधारणतः असा ठेवता येईल. नकाराच्या दिवशी पहिला निरोप. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी मोबाइलवर छोटी आठवण. दहाव्या दिवशी दुसरे पत्र, त्यात यूपीआय किंवा धनादेशाचा पर्याय. विसाव्या दिवशी शक्य असल्यास प्रत्यक्ष दूरध्वनी. आणि तिसाव्या दिवशी सेवा थांबवीत असल्याचे नम्र पत्र. जुन्या वर्गणीदाराच्या बाबतीत पाच मिनिटांचा दूरध्वनी दहा निरोपांचे काम करतो, हे लहान संस्थांचे मोठे बळ आहे. मोठ्या कंपनीला आपला ग्राहक नावाने ठाऊक नसतो, आपल्याला असतो.

नकारापूर्वीचा निरोप तर सर्वांत स्वस्त. कार्डाची मुदत कोणत्या महिन्यात संपते हे गेटवेकडून कळू शकत असल्यास महिनाभर आधीच आठवण द्यावी.

सुरक्षेचे पथ्य मात्र कसोशीने पाळावे. निरोपातून, ईमेलमधून वा दूरध्वनीवरून कार्डाचा क्रमांक, पाठीमागील तीन आकडे, पिन किंवा ओटीपी कधीही मागू नये. ‘आम्ही हे कधीच विचारत नाही’ असे प्रत्येक पत्राच्या तळाशी लिहावे. ‘आपले पैसे अडकले आहेत, तातडीने येथे दाबा’ ही भामट्यांची आवडती भाषा आहे. आपली भाषा तिच्यापासून दूर असावी. कोणा वर्गणीदाराची फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर विनाविलंब तक्रार करण्यास त्याला सांगावे.

पैसे कापले, पण पोहोचले नाहीत

कधी कधी वर्गणीदार म्हणतो, ‘माझ्या खात्यातून रक्कम गेली आहे’ आणि संस्थेच्या नोंदीत ती दिसत नाही. अशा वेळी त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवू नये आणि लगेच दुसऱ्यांदा पैसेही मागू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ऑनलाइन कार्डव्यवहारात खात्यातून रक्कम वजा झाली पण विक्रेत्याला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत जमा झाली पाहिजे. त्याहून उशीर झाल्यास ग्राहकाला दर दिवसामागे रु. १०० भरपाई देय आहे. ही माहिती वर्गणीदाराला द्यावी, व्यवहाराचा संदर्भक्रमांक नोंदवून घ्यावा आणि तोवर सेवा चालू ठेवावी.

सवलतीचा काळ

नकार येताच अंक बंद करावा काय? तसे करणे हिशेबाच्या दृष्टीनेही तोट्याचे आहे. जो अंक मिळालाच नाही त्याचे पैसे नंतर कोण देईल? दोन ते चार आठवड्यांचा सवलतीचा काळ ठेवणे योग्य. त्याची मुदत मात्र लेखी ठरलेली असावी आणि सर्वांना सारखी लागू व्हावी. अमर्याद सवलत दिल्यास नियमित भरणाऱ्यांवर अन्याय होतो.

परंतु ५१ या संकेतांकामागे माणूस असतो, हे विसरू नये. लागोपाठ तीन महिने खात्यात पैसे नसतील, तर कदाचित नोकरी गेली असेल, घरात आजारपण असेल. अशा वेळी वर्गणी कमी करणे, काही काळ थांबवणे किंवा एखाद्या देणगीदाराच्या साह्याने अंक चालू ठेवणे, असे मार्ग मोकळे असावेत. बँक खात्यातून थेट वजावट करणाऱ्या नॅच पद्धतीत तर विशेष जपावे लागते. मागणी न वटता परत गेल्यास अनेक बँका खातेदाराला दंड आकारतात आणि तो कधी कधी वर्गणीपेक्षाही मोठा असतो. पन्नास रुपयांसाठी कोणाला काही शे रुपयांचा भुर्दंड पडावा, आणि तोही आपल्या पुनर्प्रयत्नामुळे, हे कोणत्याही संस्थेला शोभणारे नाही.

अन्य मार्ग

कार्ड हा एकमेव मार्ग ठेवू नये. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने जुलै २०२० मध्ये यूपीआय ऑटोपे सुरू केले. त्यात कार्डाची मुदत संपण्याचा प्रश्नच उद्भवत नाही आणि संमती मोबाइलवरच देता, थांबवता वा रद्द करता येते. ऑगस्ट २०२५ पासून त्यात एका वजावटीसाठी मूळ प्रयत्न आणि तीन पुनर्प्रयत्न अशी मर्यादा आहे. ज्यांना आपोआप होणारी वजावट नको, त्यांच्यासाठी वार्षिक वर्गणी एकदाच घेण्याची जुनी रीत आजही उत्तम आहे. बारा संधींऐवजी नकाराची एकच संधी उरते.

आखाती देशांत किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वर्गणीदारांची कार्डे तेथील बँकांची असतात. भारतीय कार्डांसाठीची पूर्वसूचनेची पद्धत त्यांना लागू होत नाही. मात्र परदेशी विक्रेत्याकडील व्यवहार म्हणून त्यांची बँक नकार देऊ शकते. त्यांची यादी वेगळी ठेवावी आणि शक्यतो वार्षिक वर्गणीच सुचवावी.

नोंदी आणि हिशेब

जे मोजले जात नाही ते सुधारता येत नाही. दरमहा एका पानावर पाच आकडे लिहावेत : किती मागण्या पाठवल्या, किती नाकारल्या, कोणत्या कारणाने, त्यांतील किती तीस दिवसांत वसूल झाल्या आणि कोणत्या उपायाने. समजा, ४०० मागण्यांपैकी ३२ नाकारल्या आणि त्यांतील २० वसूल झाल्या. म्हणजे नकार ८ टक्के, त्यातील वसुली ६२.५ टक्के आणि निव्वळ गळती ३ टक्के. पुढील महिन्यात हे आकडे कोणत्या दिशेने सरकतात ते पाहावे. एखाद्या महिन्यात ०५ किंवा ९१ अचानक वाढले तर दोष वर्गणीदारांचा नसून कोणत्या तरी बँकेचा वा गेटवेचा आहे, हेही याच पानावरून उमगते. न मिळालेली वर्गणी मात्र जमेच्या बाजूस दाखवू नये. ताळेबंदातील आशेने छपाईचे बिल भागत नाही.

जाणाऱ्याला जाऊ द्यावे

शेवटी एक मर्यादा. वसुली म्हणजे धरून ठेवणे नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला फसवणाऱ्या १३ प्रकारांची यादी आहे. वर्गणी रद्द करणे मुद्दाम अवघड करून ठेवणे, म्हणजे वर्गणीचा सापळा, हा त्यांपैकी एक. ज्याने बँकेच्या पूर्वसूचनेवरून संमती रद्द केली, त्याने आपला निर्णय दिलेला आहे. त्याला एकदा आभाराचे पत्र पाठवावे, कारण विचारावयाचे तर एकदाच विचारावे आणि थांबावे.

नाकारलेले कार्ड ही तांत्रिक घटना आहे. ती नात्याचा शेवट नव्हे. कारण ओळखून योग्य वेळी पुन्हा मागणी करणे, सौम्य शब्दांत कळवणे, अडचणीत असलेल्याला वेळ देणे आणि जाणाऱ्याचा मान राखणे, एवढे पाळले तर बुडीत समजलेल्या वर्गणीचा मोठा भाग परत येऊ शकतो. आपल्या संस्थेच्या वर्गणीदारांची यादी या आठवड्यात एकदा उघडून पाहावी. जी नावे गेल्या सहा महिन्यांत गळली, त्यांतील किती जण खरोखर गेले आणि किती जणांना आपण विचारलेच नाही, याचे उत्तर तेथेच सापडेल.